उड्या मारणारे तुकडे आणि माझी मीनू

किश्श्यांचं आमच्या फळमाश्यांसारखंच. एका बाटलीचं बूच सैल राहिलं की पंधरवड्यात लॅबभर त्याच!

नव्वदच्या आसपास मी कुंभकोणमच्या एका कॉलेजात संशोधन करत होते. विषय: डीएनएचे असे तुकडे, जे जागा सोडून उड्या मारतात आणि क्वचित एका जातीच्या किड्यातून दुसऱ्या जातीतही शिरतात. लोक म्हणायचे, "अरे वा!" मला मात्र धडकी भरायची. घरी दीड वर्षाची मीनू, आणि माझ्या पदराला रोज एखादी माशी चिकटलेली.

*

आम्ही आपापल्या स्वयंपाकघरांतून रानटी माश्या धरून आणल्या. त्यांचे नर लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवलेल्या माद्यांना दिले, तर पिल्लं वांझ! जोडी उलट लावली, तर ठणठणीत. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "उडी मारणारा तुकडा रानटी माश्यांतच असतो. तो आईतही असला, तर ती अंड्यातूनच त्याला लगाम घालून देते."

मी घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं. त्या पिढ्यान्‌पिढ्या इकडच्याच, तमिळ मुलखातल्या; त्यांची मराठी अजून बखरीतली.

"म्हणजे बापानें आणावें, आईनें आवरावें. इतकें कळावयास माश्या कशास गे?"

*

जवळच्या दारासुरमला रेशमी साडी घेताना मी विणकराला फुशारकीनं सांगितलं, की असले तुकडे रेशमाच्या पतंगातही सापडलेत.

त्यानं दुकानात इकडेतिकडे पाहिलं. "अम्मा, हळू! गिऱ्हाईक बसलंय!"

*

आमच्या माश्यांतला तुकडा दुसऱ्या जातीच्या माशीकडून बहुधा एखाद्या माइटनं, म्हणजे गोचिडाच्या जातीच्या बारीकशा किड्यानं, आणला असावा, असं सर सेमिनारमध्ये म्हणाले. सगळे टिपणं घेत होते. मी हात वर केला.

"सर, माइट माणसाला चावतो?"

"का?"

"सहज."

त्या दिवसापासून मी लॅबमधून निघताना कोपरापर्यंत हात घासत असे, त्याशिवाय मीनूला घेत नसे. शेजारच्या टेबलावरची शांती म्हणायची, "अक्का, ऑपरेशन कसं झालं?"

*

एकदा सासूबाई स्वामीमलैला देवदर्शनाला गेल्या, म्हणून मीनूला लॅबमध्ये आणलं. मायक्रोस्कोपवरून मान वर करते, तो हिच्या हातात उघडी बाटली आणि तोंडाला माश्यांचं खाणं, म्हणजे मक्याचं पीठ नि गूळ, आणि वर माश्यांचे पंख!

"सर, हिनं माश्या खाल्ल्या!"

सरांचा चेहरा उतरला. "कुठल्या? रानटी की लॅबच्या?"

मी मीनूच्या ओठांवरचे पंख पदरानं पुसले. "रानटी असल्या तर काय होईल?"

"अहो, त्या जोडीचा क्रॉस पुन्हा लावावा लागेल!"

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, "काही होत नाही" म्हणाले. पण त्यांनी आमचा सेमिनार कुठे ऐकला होता!

संध्याकाळी सासूबाई आल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी मीनूची जीभ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"तूं लहानपणीं काय काय खाल्लेंस?"

"माती. पाटीवरची पेन्सिल." मी डोळे पुसले. "एकदा मुंगळा."

"मग झालें! लेंकरास लगाम तुझ्या पोटांतूनच मिळाला. ऊठ, भात कालव."