कोणत्या पानावर?

"कोणत्या पानावर?" असं विचारून भाऊ उजवा तळहात पुढे धरायचे. समोरच्याने आत्ताच्या आत्ता पुस्तक उघडून त्या हातावर ठेवावं, अशी अपेक्षा. अभ्यासिकेतल्या कुणी काही ठासून सांगितलं की हात पुढे. चहावाला म्हणाला, आज दूध दाट आहे, तरी हात पुढे. एकदा मी म्हणाले, "भाऊ, दुपारी लाइट जाणार आहे, प्रिंट आत्ताच काढून घ्या." लगेच हात पुढे आला, "कोणत्या पानावर, ताई?" मीही काही कमी नाही. पेपरातली वीजवाल्यांची सूचना शोधली आणि त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "बरोबर हाय."

त्यांचं नाव मी सांगणार नाही. का, ते वाचता वाचता तुमच्या लक्षात येईल.

पंचवटीत, मखमलाबाद नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर अभ्यासिका. अभ्यासिका म्हणजे काय हे आता नाशिकमध्ये कुणाला सांगायला नको. रांगेने टेबलं, प्रत्येकाला एक खुर्ची आणि जिन्यात चपलांचा ढीग. वरची मुलं अभ्यास करतात आणि त्यांचे फॉर्म, फोटो, हॉलतिकीट, जातीचे दाखले, सगळं खाली माझ्याकडे येतं. कोण कितव्यांदा परीक्षा देतंय, हे त्याच्या आईबापाआधी मला माहीत असतं. मी तोंडाची फटकळ आहे, पण या बाबतीत तोंड बंद ठेवते.

भाऊ वरच्या अभ्यासिकेत सगळ्यात मोठे. मखमलाबादला त्यांचा मळा होता, मळ्यात झेंडू आणि मेथी-कोथिंबीर. पहाटे बायकोबरोबर फुलं तोडायची, फुलबाजारात पोचवायची आणि दहाच्या आत सायकल माझ्या दुकानासमोर लावायची, हा त्यांचा नेम. सायकलच्या पिशवीत पुस्तकं आणि पुस्तकांमध्ये खुणेसाठी मेथीच्या जुड्या बांधायच्या सुतळीचे तुकडे. वर गेले की त्यांच्या टेबलाभोवती झेंडूचा तो उग्र वास पसरायचा. नवीन आलेली मुलं आधी नाक मुरडायची आणि मग आठवड्याभरात गणितं विचारायला त्याच टेबलाशी उभी राहायची.

आमच्या गल्लीतले एक गुरुजी पोथीच्या झेरॉक्स काढायला यायचे. यजमानांना सांगायची सवय, म्हणून भाऊंनाही म्हणाले, "यंदा तुमचा सरकारी नोकरीचा योग आहे बघा." भाऊंनी तळहात पुढे केला. गुरुजी हस्तसामुद्रिक बघायला खाली वाकले. भाऊ म्हणाले, "हात नका बघू गुरुजी. पंचांगात कोणत्या पानावर हाय ते दाखवा." मी मशीनच्या मागे जाऊन हसले. गुरुजी भला माणूस, तेही हसले, पण पुढच्या वेळी योगाबद्दल बोलले नाहीत.

आता हे पानाचं वेड कुठून आलं, ते सांगते. पेपर झाला की काही दिवसांनी परीक्षा घेणारे उत्तरतालिका जाहीर करतात. तीत एखादं उत्तर चुकलंय असं वाटलं तर मुदतीत हरकत घ्यायची आणि तिला पुस्तकाच्या पानाची प्रत जोडायची. पान नसेल तर हरकतीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. या कामात भाऊंचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाचा प्रश्न अडला की ते तालुक्याच्या वाचनालयापर्यंत जाऊन पान शोधून आणायचे. त्यातली निम्मी पानं त्यांच्या स्वतःच्या काही कामाची नसायची.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये त्यांच्या नावाचा एक फोल्डर होता. फॉर्मसाठी दर वेळी नवा फोटो लागतो, तसे त्यात अकरा फोटो साठले होते. पहिल्यात दाट केस आणि झुपकेदार मिशी. मग लग्नानंतरचा, जरा भरलेला चेहरा. मग मिशी गेली. मग कपाळ मोठं होत गेलं. अकरावा काढताना मी म्हणाले, "भाऊ, जरा हसा." तर म्हणाले, "हसलेला फोटो चालत नाय, ताई. सूचना वाचा." हा शेवटचा फोटो, हे आम्हा दोघांना माहीत होतं. वयाची मर्यादा त्या वर्षी संपत होती. पुढच्या जाहिरातीत त्यांना बसता येणार नव्हतं.

पेपर झाला. एकच पेपर, त्याच्यावरच निवड. उत्तरतालिका आली त्या दुपारी माझ्या दुकानाच्या पायऱ्यांवर सगळे आपापल्या उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत घेऊन बसले. भाऊंची प्रत मी स्वतः जुळवली. मी मोठ्याने वाचत गेले, ते बरोबर-चूक लिहीत गेले. बेरीज झाली आणि मी ओरडलेच, "भाऊ, झालं की हो यंदा! गेल्या वेळचं शेवटचं नाव याच्या खालीच होतं." त्या दिवशी त्यांनी तळहात पुढे केला नाही. मग मळ्यात फोन करून बायकोला म्हणाले, "जवळ आलंय म्हणतात ताई."

दुसऱ्या दिवशी येवल्याची मुलगी आली. ही पैठणी विणणाऱ्या घरातली, दोन वर्षं वरच्या अभ्यासिकेत होती. भाऊ माझ्या काउंटरपाशी उभे होते. तिने प्रश्नपत्रिका त्यांच्यापुढे धरली. "यापैकी कोणते फूल हे प्रत्यक्षात अनेक फुलांचा समूह आहे?" असा प्रश्न, आणि खाली पर्याय: गुलाब, जास्वंद, कमळ, झेंडू.

"त्यांनी कमळ दिलंय," ती म्हणाली. "मी झेंडू केलंय. भाऊ, मी लय काठावर हाय. एवढा एक आला ना, तर निघते."

"झेंडू कसा आसंल?" भाऊ म्हणाले. "झेंडू म्हणजे फूलच हाय की. जन्म गेला तोडण्यात."

"नाय भाऊ. शाळेत आमच्या बाईंनी फोडून दाखवलं होतं."

"कोणत्या पानावर?"

"पान सापडंना, म्हणून तर आले ना!" असं म्हणून ती रडायलाच लागली.

भाऊ बाहेर गेले आणि सायकलच्या पिशवीतून एक वाळलेलं फूल घेऊन आले. पुढच्या लागवडीसाठी बी धरायला अशी फुलं ते बाजूला काढून ठेवायचे. ते माझ्या काउंटरवर त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी फोडलं. आतून काळ्या काड्यांसारखं बी सांडलं. प्रत्येक बीच्या टोकाला एकेक सुकलेली पाकळी. तुम्हीही कधीतरी झेंडूचं बी हातात घेतलं असेल, मीही घेतलंय, पण असं बघितलं नव्हतं. भाऊ एकेक बी नखाने बाजूला करत होते.

"दर साली बी धरतो मी याचं," ते शेवटी म्हणाले. "एकेका पाकळीला आपलं आपलं बी. म्हणजे ही एकेक पाकळीच फूल हाय. माझ्या कधी ध्यानात आलं नाय." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझं बरोबर हाय. रडू नको. पान आणतो मी."

ती गेली. मी मात्र भाऊंकडे बघायचं टाळलं. कारण आदल्या दिवशी कार्बन प्रत मीच वाचली होती. भाऊंनी त्या प्रश्नाला कमळ केलं होतं. झेंडू पिकवणाऱ्या माणसाने झेंडूला फूल मानलं, यात मला तरी काही नवल वाटलं नाही. पण उत्तर बदललं तर त्यांचा तो प्रश्न जाणार होता आणि वर चुकीचे गुणही वजा होणार होते.

मुदत संपायच्या दिवशी भर दुपारी भाऊ आले. हातात वाचनालयातलं वनस्पतिशास्त्राचं जुनं पुस्तक, त्यात सुतळीची खूण. "एवढं पान स्कॅन करा, ताई. पोरगी वर हाय, तिच्या हरकतीला जोडायचंय."

मी म्हणाले, "स्कॅनर बंद पडलाय."

आता हे धडधडीत खोटं होतं, आणि त्या मुलीच्या मुळावर येणारं खोटं होतं. मला त्याची लाज वाटते. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ते अकरा फोटो होते, दुसरं काही सुचत नव्हतं.

भाऊंनी स्कॅनरकडे बघितलं. त्याचा हिरवा दिवा चालू होता. "ताई," ते हळूच म्हणाले, "बटण दाबा."

"तुमचं कमळ आहे, भाऊ."

"माहीत हाय."

"मग? दुसरं कुणी घेईल की हरकत. सगळ्या महाराष्ट्राने पेपर दिलाय. तुम्हीच कशाला आपल्या हाताने?"

"घेतील कुणी, नायतर नाय घेणार. मला पान सापडलंय ना पण. आता सापडलं नाय असं कसं म्हणू?" त्यांनी पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. नेहमी रिकामा पुढे यायचा त्या हातावर आज पुस्तक होतं. "अकरा वर्षं लोकांना पान विचारतोय, ताई. आता माझी पाळी आली तर पुस्तक मिटू का?"

मी भांडले. मळ्यात वाट बघणाऱ्या बायकोचं नाव घेतलं, चौथीतल्या मुलीचं नाव घेतलं. ते ऐकून घेत होते, पण पुस्तक खाली ठेवत नव्हते. शेवटी मी बटण दाबलं. मुलगी वरून धावत आली, तिच्या नावाने हरकत गेली, तिने भाऊंच्या पाया पडायचा प्रयत्न केला आणि ते मागे सरकले. "पाया नको पडू. पुस्तक परत देऊन ये वाचनालयात," म्हणाले.

अंतिम उत्तरतालिकेत झेंडू आला. आणखी किती जणांनी हरकत घेतली होती, कोण जाणे. निकालाची यादी मी माझ्याच मशीनवर काढली. खालून चौथं नाव त्या मुलीचं होतं. भाऊंचं नाव यादीत नव्हतं. गुण बघितले, तर शेवटच्या नावापेक्षा बरोब्बर त्या एका प्रश्नाएवढे कमी.

भाऊंनी यादी हातात घेतली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, घडी घातली आणि माझ्याकडे परत दिली. "बरोबर हाय," म्हणाले. विजेची सूचना वाचून म्हणाले होते, अगदी तसंच. मला मात्र रडू आवरलं नाही. मग त्यांनीच मला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हणाले, "ताई, एक करा. माझं काय उत्तर होतं, ते पोरीला सांगू नका. तिचे पेढे तिला गोड लागू द्या."

संध्याकाळी त्यांनी वरचं टेबल आवरलं. पुस्तकं मुलांना वाटली, पण कुठल्याही पुस्तकातली सुतळी काढली नाही. कार्बन प्रत माझ्या काउंटरवर राहिली. मी आठवण केली तर म्हणाले, "राहू द्या. आता काय करायचीय." मी ती खणात ठेवली. वरच्या त्या खुर्चीवर आठवड्याभरात घोटीचा एक मुलगा आला. अभ्यासिकेत खुर्ची रिकामी राहत नाही.

मागच्या दसऱ्याला फुलबाजारात भाऊ दिसले. पुढ्यात झेंडूचा मोठा ढीग, शेजारी त्यांची मुलगी. मला बघून उठले आणि माझी पिशवी ओतून भरली. "आजचीच तोडलेली हायत," म्हणाले. मी मुद्दाम तळहात पुढे केला, "कोणत्या पानावर?" ते मोकळेपणाने हसले. त्यांना हसताना बघून मला फोटो काढायचा दिवस आठवला आणि मी घाईघाईने निघाले.

येवल्याची ती मुलगी आता नोकरीत आहे, पलीकडच्या तालुक्यात. गेल्या महिन्यात भावाचा फॉर्म भरायला माझ्याकडे आली होती. खांद्याला घरी विणलेल्या कापडाची पर्स, बोलण्यात थोडा साहेबी ठसका, पण मुलगी तीच. भाऊंची चौकशी केली. मग फॉर्म भरता भरता एकदम थांबली.

"ताई, एक विचारू? त्या प्रश्नाला भाऊंचं काय उत्तर होतं हो? पहिल्यांदा तर ते मला नाय म्हणाले होते."

कार्बन प्रत माझ्या गुडघ्याजवळच्या खणात होती. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. या वेळी स्कॅनरचा दिवा बघायला भाऊ तिथे नव्हते.

"झेंडू," मी म्हणाले. "त्यांचा जन्म गेला झेंडूत, दुसरं काय करतील?"

"तेच म्हटलं," ती म्हणाली आणि हलकं वाटल्यासारखी हसली. मी खण गुडघ्याने नीट आत ढकलला आणि तिला तिच्या भावाची जन्मतारीख विचारली.