मी ओढ्याला मशीन मागितलं

तुमच्या गावावर पडलेल्या पावसाला गावाबाहेर निघून जायला किती वेळ लागतो, हे तुम्ही कधी उभं राहून पाहिलंय?

मी पाहिलंय. मुखेडहून येणारी एसटी आमच्या गावाअलीकडच्या पुलावर थांबते, कारण पुलावरून पाणी जात असतं. वाहक खाली उतरतो, तंबाखू मळतो, दोघा-चौघांना देतो. खिडकीतली माणसं पाण्याकडं बघून म्हणतात, "औंदा लई पाणी हाय." तंबाखूचा दुसरा बार भरेपर्यंत पूल उघडा पडतो आणि गाडी निघते. तेवढा वेळ. माळावर, रानात, पत्र्यांवर पडलेलं सगळं पाणी तेवढ्या वेळात आमची माती घेऊन निघून जातं. आणि 'लई पाणी हाय' म्हणणारी हीच माणसं चैत्रात त्याच पुलाच्या कठड्यावर बसून टँकरची वाट बघतात. बघताना देवाला, सरकारला आणि शेजारच्या गावाला शिव्या देतात. पुलाखालून गेलं ते पाणी कुणाचं होतं, हे विचारत नाहीत.

मला याचा संताप येतो. त्यातला मोठा वाटा माझा माझ्यावरच आहे.

आमची वस्ती माळाच्या पायथ्याशी. गावातल्या विहिरीवर आमच्या माणसांना घागर लावू देत नव्हते, त्या काळात आमच्या पणज्या-पणजोबांनी मुरूम फोडून वस्तीचा आड खणला. अरुंद, दगडांनी बांधलेला, फार खोल नाही. जयंतीच्या सकाळी वस्तीची खीर याच आडाच्या पाण्यात शिजते. घरोघर नळ आले तरी हा रिवाज मोडला नाही. एप्रिलच्या मध्यात, ऐन उन्हाळ्यात, आडात खिरीपुरतं तरी पाणी असायचंच. कुणी त्याबद्दल भाषण केलं नाही कधी. पाणी असायचं.

बाबा लोकांच्या रानात सालानं राबायचे आणि सभा-मोर्चाला गेले की पत्रकं जमा करून आणायचे. घरात एक लोखंडी पेटी त्या पत्रकांनी भरलेली होती. मी बाराखडी शाळेच्या आधी त्या पेटीत शिकले. वर 'जाहीर आवाहन', मध्ये अन्यायाचा पाढा, खाली 'आमच्या मागण्या'. मला वाटायचं, मागणी नीट लिहिली की जग जागचं हलतं. अजूनही थोडं वाटतं.

मग मी शिकवणीसाठी लातूरला खोली करून राहिले, आणि ते नेमकं टंचाईचं वर्ष निघालं. रेल्वेनं शहरात पाणी आलं ते वर्ष. आम्ही चौघी मुली एका बादलीत तोंड धुऊन तेच पाणी संडासाला वापरायचो. परत आले ती पेटूनच आले. पाण्यासाठी काहीतरी केलं पाहिजे म्हणून मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. मुखेडच्या छापखान्यात पिवळ्या कागदावर छापून घेतलं, आठवडी बाजारात वाटलं. एकच मागणी होती, जाड अक्षरात: आमच्या ओढ्याचं खोलीकरण करा, मशीन द्या.

आयुष्यात माझी एकच मागणी ताबडतोब मंजूर झाली, ती ही.

पोकलेन आलं. नारळ फुटला. ग्रामसभेला कधी न दिसलेला सगळा गाव ओढ्याच्या काठावर उभा. सरपंचांनी मला पुढं बोलावून फोटोत घेतलं. मशीननं ओढ्यातली वाळू काढली, गोटे काढले, वळणं सरळ केली आणि खालचा मुरूम फोडून दोन पुरुष खोल चर पाडला. बघताना छाती भरून आली, खोटं कशाला सांगू.

माळावर मेंढरं चारणारे एक म्हातारे आहेत. सगळ्या गावाचे मामा. ते काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

"माय," ते मला म्हणाले, "पाणी आभाळातून माळावर पडतंय. तुम्ही खाली काय हुडकायलाव?"

"मामा, ओढा खोल झाला की पाणी साठतंय."

"साठंल की. तुमच्या आडातलं बी तिकडंच जाऊन साठंल. खालच्या अंगाला खड्डा केल्यावर वरचं पाणी गप बसतंय व्हय?"

मी हसले. माझ्याकडं छापील पत्रक होतं, त्यांच्याकडं मेंढरं होती.

पावसाळ्यात चर तुडुंब भरला. त्याचेही फोटो निघाले. दिवाळीनंतर पाणी उतरलं, माघात चराचा तळ दिसला, आणि त्याच महिन्यात वस्तीच्या आडात बादली सोडली ती दगडावर आपटली. तो आवाज मी घरातून ऐकला. बाबा दोर धरून खाली उतरले आणि मूठभर ओला गाळ घेऊन वर आले. आडाचा तळ वर राहिला होता आणि ओढ्याचा तळ आम्ही खाली नेला होता. आजूबाजूच्या मुरमात मुरलेलं पाणी आडाकडं यायचं सोडून चराकडं झिरपलं आणि तिथून वाहून गेलं. यात गूढ काही नव्हतं. मेंढरं चारणाऱ्याला ते काठावर उभं राहून दिसलं होतं.

त्या जयंतीची खीर टँकरच्या पाण्यात शिजली. कुणी मला टाकून बोललं नाही. फक्त आई, पातेलं ढवळता ढवळता म्हणाली, "तुझ्या पत्रकात लिव्हलं व्हतं का गं, आड बी आटवा म्हणून?"

पुढच्या पावसाळ्यात मी मामांच्या मागं माळावर जायला लागले. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन भर पावसात. मामा बोलत कमी, बोट दाखवत जास्त. जिथं गवताचे ठोंब दाट होते तिथं पाणी गवतातून सरकत जात होतं, आणि खाली निघायचं ते नितळ. जिथं माळ उघडा होता तिथं थेंब मातीवर चापटीसारखा बसत होता, माती लिंपल्यासारखी गुळगुळीत होत होती, आणि पाणी लाल होऊन पळत होतं. एकच माळ, एकच सर.

"इथं गवत का नाही?" मी विचारलं.

"जळालंय."

"कुणी जाळलं?"

"मीच की."

आमच्याकडं होळी झाली की माळ पेटतो. दरवर्षी. काडी कुणी टाकली हे कुणी विचारत नाही. जाळल्याशिवाय कोवळं येत नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मी मामांवर भडकले. इतकं कळतं तुम्हाला आणि तुम्हीच जाळता? ते शांतपणे एका मेंढीला जवळ ओढून तिची लोकर फाकून दाखवायला लागले. कातडीत कुसळं रुतलेली. एक डोळ्याच्या कोपऱ्यात.

"गवत पिकलं की ही सुई व्हतीय. मेंढरू आंधळं झाल्यावर तू पत्रक काढशील का त्याचं?"

मग बाबांनीच तोड काढली. संध्याकाळी मामा घरी आले होते, चहा बशीत ओतून फुंकत होते. बाबा म्हणाले, कुसळ पिकायच्या आत गवत कापलं तर? वस्तीतल्या बाया विळ्यानं कापतील, ठोंब वीतभर राखतील, पेंढ्या सगळ्यांना वाटून देऊ, मामांनाही. दिवाळीनंतर मेंढरं फक्त कापलेल्या भागात, एका वेळी माळाच्या एका कोपऱ्यात. आणि काडी बंद.

मामांनी बशी रिकामी केली. "आन् कापलंच न्हाई तुमी तर?"

"तर तुम्ही जाळा," आई आतून म्हणाली. "मग पोरीला त्याच्यात बसवू."

तीन वर्षं झाली त्याला. भादव्याच्या अखेरीला आम्ही पंधरा-वीस बाया माळावर जातो, हात कापून घेतो, पेंढ्या बांधतो. पहिल्या होळीला कुणीतरी तरीही काडी टाकलीच. लिंबाच्या डहाळ्या घेऊन झोडपत विझवली. माळावरच्या घळींत दगड रचले, तेही मामांच्या सांगण्यानं अगदी वरून, जिथं घळ एका ढांगेत ओलांडता येते तिथून सुरू करून. दगड एका पातळीत बसावेत म्हणून गवंड्याची पाण्याची नळी उसनी आणली. शेवटी त्या सरळ केलेल्या ओढ्यात आडवे दगड टाकत गेलो, म्हणजे वाहून येणारे वाळू-गोटे तिथं अडतील आणि आम्ही खाली नेलेला तळ हळूहळू वर येईल. एका उन्हाळ्यात मशीननं काढलेलं परत भरायला ओढ्याला किती वर्षं लागतील, मला माहीत नाही.

सरपंच येता-जाता दुचाकी थांबवून बोलायचे. "काय गं, आज किती लिटर गवत झालं?" त्यांच्या मागं बसलेला हसायचा.

गेल्या जयंतीला आईनं आडात बादली सोडली. आपटली नाही. गुडघाभर पाणी होतं, खिरीला पुरून उरलं. त्या वर्षी पाऊस बरा होता, हे मान्य आहे. पण टँकरच्या जयंतीआधीचा पाऊसही बरा होता. बाबांनी पहिला तांब्या मामांना दिला. मामांनी अर्धा प्याला, अर्धा डोक्यावर ओतला आणि म्हणाले, "पत्रकापरीस ग्वाड हाय."

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

या पावसाळ्यात सरपंच चार माणसांसह एका साहेबांना माळ दाखवायला घेऊन आले. योजना आलेली आहे: माळावर मशीननं चर आणि खड्डे खणायचे, खड्ड्यांत झाडं लावायची. साहेब वाईट नव्हते. चिखलात चालले, घाम पुसला, आमच्या गेल्या वर्षीच्या पेंढ्यांचा फोटोही काढला. मग कागदावर लिहू लागले. मी डोकावून पाहिलं: जमीन पडीक, रिकामी.

"साहेब, रिकामी कुठंय?"

"म्हणजे, इथं काही नाही ना."

"गवत हाय की."

"तेच म्हणतोय मी. काही नाही."

मी कमरेइतक्या गवतात उभी होते. मी सरपंचांकडं वळले. माळाला मशीन लागलं की ठोंब उपटले जातील, तीन वर्षांत धरलेली माती मोकळी होईल, पहिल्या मोठ्या सरीत ती खालच्या ओढ्यात जाईल आणि आड पुन्हा आटेल, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

"मशीनला विरोध तू करायलीस?" सरपंच मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुझंच पिवळं पत्रक माझ्या कपाटात हाय अजून. आणू का?"

"आणा. त्याचं काय झालं तेही सांगा."

"झाडाला नाही म्हणणारी माणसं पहिल्यांदा बघायलोय."

मी झाडाला नाही म्हणत नाही. बांधावर लावा, ओढ्याच्या काठावर लावा, शाळेत लावा, पाणी मी घालते. पण पाणी धरणारी जमीन उपटून तिच्यात पाणी मागणारं रोप लावायचं आणि त्याला पाण्याचं काम म्हणायचं, याला काय म्हणू? गेल्या खेपेला लावलेल्या रोपांचे खड्डे शाळेमागं अजून आहेत. पोरं त्यात गोट्या खेळतात.

ठराव पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत होता. मी घरोघर फिरले. "येतो की", "हाव, हाव, येतो", "आमच्या घरून कुणीतरी येईल". झेंडा झाला, पोरांना जिलेबी वाटली, आणि जिलेबी संपताच मैदान मोकळं. पोकलेनच्या नारळाला अख्खा गाव आलेला मी याच डोळ्यांनी पाहिला आहे. ग्रामसभेला सरपंच, ग्रामसेवक, मामा, बाबा, आई, वस्तीतल्या काही बाया आणि ओट्यावर झोपलेला एक माणूस. गणपूर्ती झाली नाही. सभा पुढच्या मंगळवारी तहकूब.

मला हायसं वाटलं. बाबांना नाही. "तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई," ते म्हणाले. "मंगळवारी दहा माणसं जमली तरी ठराव हुतोय. त्यांचे दहा असले तर त्यांचा."

म्हणजे आमच्या आडाचं पुढचं पाणी आता माळावर ठरणार नाही. मंगळवारी त्या ओट्यावर कोण येऊन बसतं यावर ठरणार.

मी नवीन पत्रक लिहायला घेतलं होतं. बाबांनी कागद बाजूला सारला. "मागणी करायची बास कर. मान्सं वर न्हे." म्हणून रोज सर आली की मी जो भेटेल त्याला माळावर ओढून नेते. काल किराणा दुकानदार आला. गवतातून निघालेलं नितळ पाणी त्यानं ओंजळीत घेतलं, रस्त्याकडच्या लाल पाण्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "मंगळवारी दुकान बंद ठेवतो." एवढंच. मी त्याच्यासमोर रडले, याची मला अजून लाज वाटते.

तुम्ही आमच्या गावचे असाल आणि कामासाठी नांदेडला, हैदराबादला, पुण्याला असाल, तर मंगळवारी या. एक दिवसाची मजुरी बुडेल, बुडू द्या. दुसऱ्या गावचे असाल तर तुमच्या गावाची ग्रामसभा कधी आहे हे आजच विचारा. तिच्या आधी, एखाद्या दिवशी पाऊस चालू असताना, छत्री न घेता तुमच्या माळावर जा आणि पाणी कुठून पळतंय, कुठं थांबतंय ते बघा. मग त्या सभेत जाऊन बसा, आणि जे पाहिलं ते उभं राहून सांगा. जिलेबी संपल्यावर उठू नका.