सगळे नॅचरल राहा

मृणालचे मामा खुर्चीवर चढून ओरडले, "सगळे नॅचरल राहा गा! फोटोवाल्याकडे कोणी पाहू नका!"

हळदीच्या मांडवातल्या सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. काही जण वरच्या कापडाकडे पाहू लागले. काही जण एकमेकांकडे पाहून कारण नसताना हसू लागले. एक आजोबा डोळे मिटून बसले. मी कॅमेरा खाली घेतला.

मी पूर्वी एका दैनिकात प्रेस फोटोग्राफर होतो. आता नागपुरात लग्नांचे कँडिड फोटो काढतो. कँडिड म्हणजे माणूस आपल्याच नादात असताना, त्याला कळू न देता काढलेला फोटो. हे काम आम्ही सुरू केलं तेव्हा लोकांना हा शब्द माहीत नव्हता, म्हणून ते जमायचं. आता सगळ्यांना माहीत आहे. कॅमेरा दिसला की मुली केस मागे सारून लांब कुठेतरी पाहतात, मुलं मनगटावरचं घड्याळ नीट करतात. पेपरात असताना फीत कापणारे पुढारी कात्री तशीच धरून आमच्याकडे चेहरा वळवायचे. ते निदान उघड होतं.

या लग्नात मागणी मात्र नेमकी होती. मृणाल लग्नानंतर लगेच जर्मनीला जाणार होती. पहिल्या मीटिंगला ती धरमपेठेतल्या आमच्या स्टुडिओत एकटीच आली.

"दादा, बाकी अल्बम कसाही करा," ती म्हणाली. "मला बाबांचा एक हसरा फोटो पाहिजे. घरी हसतात तसा."

तिने फोनमधले फोटो दाखवले. तिचे बाबा मनोहरराव. लकडगंजात त्यांची लाकडाची वखार. पचमढीला मनोहरराव, वाढदिवसाच्या केकमागे मनोहरराव, नुकत्याच जन्मलेल्या मृणालला हातात घेतलेले मनोहरराव. सगळीकडे चेहरा एकच, आधार कार्डावरचा. हात पँटच्या शिवणीवर, हनुवटी वर. बाळ हातात होतं त्या फोटोत फक्त हात तेवढे शिवणीवर नव्हते.

"घरी हसतात का पण?"

"खूप. आधी नुसते खांदे हलतात. मग डोळे गायब होतात. मग वखारीतली लाकूड कापायची आरामशीन सुरू होते तसा आवाज येतो. तिकडे गेल्यावर मला ते पाहायला मिळणार नाही. फोनमध्ये हेच ठाणेदार राहतील."

मी हो म्हणालो. माझी जोडीदार रूपाली सेकंड शूटर आहे, म्हणजे मी समोरून काढत असताना ती बाजूने काढते. मृणाल गेल्यावर ती म्हणाली, "सोपं आहे." मलाही तसंच वाटलं.

हळदीच्या दिवशी पहिला उपाय टेलीलेन्सचा केला. ही लांब नळीची लेन्स असते, दूर उभं राहूनही चेहरा जवळून टिपते. मी गच्चीवर गेलो. खाली मनोहरराव आचाऱ्याशी बोलत होते. खांदे हलायला लागले होते. तेवढ्यात मामांनी वर पाहिलं. मृणालने गुपित त्यांना सांगितलं होतं आणि ते मदत करत होते.

"भाऊजी, वर गच्चीवर कॅमेरा आहे! पाहू नका तिकडे!"

मनोहररावांनी पाहिलं नाही. त्यांनी नुसते हात शिवणीवर नेले.

दुसरा उपाय रूपालीचा. शोभाकाकूंनी, म्हणजे मृणालच्या आईने, नवऱ्याला त्यांच्या मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाचा किस्सा सांगायचा. त्या दिवशी मनोहररावांनी संकोचापोटी कोथिंबिरीची सांभारवडी तशीच सबंध तोंडात घातली होती आणि नेमका तेव्हाच सासऱ्यांनी त्यांना नाव विचारलं होतं. काकूंनी किस्सा रंगवून सांगितला. बायका हसून लोळल्या. मनोहररावांचे ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लालबुंद.

"काहून हसले नाही हो?" काकूंनी विचारलं.

"हसू लय आलं होतं. पण हे फोटो काढून राहिले ना!"

दुसऱ्या दिवशी लग्न कळमेश्वर रोडवरच्या एका लॉनवर होतं. वरात यायची होती. पत्रिकेवरचा मुहूर्त आणि नवरदेवाच्या मित्रांचा नाच यांचा आमच्याकडे संबंध नसतो, त्यामुळे वेळ भरपूर होता. दुपारपर्यंत मृणालने मला विचारणं बंद केलं होतं. नुसती पाहायची. मी मान हलवून नाही म्हणायचो.

मनोहरराव स्वतःच माझ्याकडे आले.

"फोटोग्राफर साहेब, कालपासून सगळे मले नॅचरल राहा, नॅचरल राहा म्हणून राहिले. तुम्ही राहून दाखवा बरं."

"मी तर रोज कॅमेऱ्यासोबतच असतो."

"त्याच्या मागं असता. समोर या."

त्यांनी हात पुढे केला. गिऱ्हाइकाला, त्यातही वधूपित्याला, नाही म्हणता येत नाही. मी पट्टा गळ्यातून काढला, कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं आणि समोर जाऊन उभा राहिलो.

हात कुठे ठेवावेत हे मला कळेना. खिशात घातले, बाहेर काढले, एकदा घडी घातली. शेवटी ते शिवणीवर गेले. हनुवटी आपोआप वर झाली.

"हसा ना," मनोहरराव कॅमेऱ्यामागून म्हणाले.

"हसतोय."

"हे हसून राहिले तुम्ही?"

मागून मामा ओरडले, "भाऊ, नॅचरल राहा गा!"

मनोहररावांनी कॅमेरा डोळ्यापासून दूर केला. माझ्याकडे एकदा नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांचे खांदे हलू लागले. डोळे गायब झाले. मग आरामशीन सुरू झाली. तीन बायका आणि एक भटजी वळून पाहू लागले.

रूपाली बाजूलाच होती. तिने बटण दाबून धरलं. असं केलं की कॅमेरा एकामागोमाग फोटो काढत राहतो, त्याला बर्स्ट म्हणतात. त्यातला एक फोटो हवा तसा निघाला. मनोहररावांनी काढलेला माझा फोटोही कार्डात होता. फोकस चांगला होता. मी तो डिलीट केला.

मृणाल निघण्याआधी आम्ही प्रिंट घेऊन लकडगंजला त्यांच्या घरी गेलो. तिने फोटो हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग आईकडे दिला.

"हेच," काकू म्हणाल्या. "घरी असेच हसतात."

मनोहररावांनी चष्मा लावला. "हा कोण आहे?"

"तुम्हीच आहे ना!"

"मी असा हसतो?"

"मग इतके वर्षं मी कोणाले पाहून राहिली?"

"डोळे कुठं गेले माझे? आणि हा दात? तुटलेला पूर्ण दिसून राहिला! मले कोणी सांगितलं काहून नाही?"

"आम्हाले वाटलं, तुम्हाले माहीत आहे, भाऊजी," मामा म्हणाले.

मनोहररावांनी अल्बमच्या कव्हरसाठी शिवणीवर हात असलेला फोटो निवडला. हसरा फोटो मृणाल घेऊन गेली. काम झालं असं मी समजलो.

काही महिन्यांनी तिचा जर्मनीहून फोन आला.

"दादा, बाबांचे अजून काही हसरे फोटो आहेत का?"

"तसा एकच निघाला. का गं?"

"बाबा आता हसताना तोंडावर हात धरतात. घरीसुद्धा. व्हिडिओ कॉलवर हसू आलं की फोन आईकडे देतात, तिकडे जाऊन हसून घेतात आणि चेहरा नीट करून परत येतात. आवाज ऐकू येतो फक्त."

मी बाकीची सगळी कार्डं पुन्हा तपासली. शिवणीवरचे हात पुष्कळ होते.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. कोणी आपल्या माणसाचा असा फोटो मागितला, तर रूपाली तो अल्बममध्ये लावत नाही. वेगळ्या पाकिटात घालते आणि मागणाऱ्याच्याच हातात देते. ज्याचा फोटो आहे, त्याला आम्ही तो दाखवत नाही.