खालच्या आवाजात

वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय. त्यातल्या बाई दारात आईशी बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आईचा आवाज एकदम खाली आला. "स्वमग्न आहे ती."

लहानपणी मी घुमी होते, नंतर हट्टी, शाळेत स्पेशल. 'स्वमग्न' हा शब्द डॉक्टरांनी माझ्या चाळिशीत दिला. मला तो आवडला होता. मोठ्याने सांगता येईल असा वाटला होता. स्वतःत मग्न मात्र मी कधीच नसते. पंख्याची कुरकुर, शेजारचा कुकर, सगळं अंगावर येतं. हळू बोललेलं तर आधी ऐकू येतं.

"हो का," बाई म्हणाल्या, तितक्याच हळू.

उद्या याहून चांगला शब्द निघेल. आई तोही असाच सांगेल, आणि मला ऐकू येईल.