चौथीच्या वर्गातली चकमक

नोकरी लागली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. घर जव्हारला, वडिलांचं कापडाचं दुकान. पहिली नेमणूक मिळाली ती खोडाळ्याच्या बाजूच्या एका पाड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत. नव्वदच्या दशकाची अखेर होती. एसटी फाट्यापर्यंत यायची, पुढे पाऊण तास चालायचं. शाळेला दोन खोल्या आणि शिक्षकही दोनच. वयस्कर गुरुजी पहिली-दुसरी घेत, तिसरी-चौथी माझ्याकडे.

चौथीत तेरा मुलं होती. गणितात ती हुशार, कवितेला मोठ्यानं सूर लावत, पण इतिहासाच्या तासाला वर्ग अगदी गप्प व्हायचा. त्या शांततेला मी बरेच दिवस शिस्त समजत होते. घरी ती वारली बोली बोलत. 'राज्याभिषेक' हा शब्द नीट म्हणता यावा म्हणून मी आठवडा घालवला, आणि तो सगळ्यांना म्हणता आला याचा मला आनंदही झाला.

एके दिवशी खिडकीखाली बसणारी एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नसे. तिनं विचारलं, "बाई, तवां आमी कठं होतू?"

मी म्हटलं, "इथंच होतात की," आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. घरी जाताना फाट्यापर्यंत मला तेच आठवत राहिलं. आपण तिला उत्तर दिलं नाही, नुसतं खाली बसवलं, हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले की आधी पुस्तक संपवा, परीक्षा पुस्तकावर असते. वेळ उरला तर बाकीचं करा. त्यांचंही चूक नव्हतं.

तरी शनिवारी मी मुलांना सांगितलं, घरातली सगळ्यात जुनी वस्तू विचारून घेऊन या. सोमवारी वस्तू आल्या. मासे धरायची बांबूची टोपली, पावसात डोक्यावर घ्यायचं फाटकं इरलं, मूठ झिजलेला कोयता, आणि त्या मुलीनं आणलेला एक काळसर गुळगुळीत दगड. आम्ही त्या भिंतीकडेला मांडल्या आणि मी प्रत्येकीपुढे चिठ्ठी लिहून ठेवली. मग काळ दिसावा म्हणून दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली आणि तिला कागद अडकवले. दाराजवळ मुलांचा जन्म, थोडं पुढे आईबापांचं लग्न, त्यापुढे आजा-आजीचं. पुस्तकातले प्रसंग पार पलीकडच्या टोकाला. मधली लांबच लांब मोकळी सुतळी बघून मुलं चकित झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओट्यावर सात-आठ मोठी माणसं उभी होती. बाई घराघरातल्या वस्तू लिहून घेते आणि सरकारात जमा करणार, असं पाड्यावर पसरलं होतं. याद्या करायला येणाऱ्या माणसांचा त्यांचा अनुभव काही चांगला नसावा. कुणी भांडलं नाही, पण वस्तू परत हव्या होत्या. मला रडू येईल असं वाटलं. गुरुजींनी त्यांच्या बोलीत समजावलं, आणि मी एकेकाची वस्तू हातात देऊ लागले.

त्या मुलीचा आजाही आला होता. वयानं बराच मोठा, पाठीत वाकलेला. त्यानं दगड उचलला आणि नातीला विचारलं, कागदावर काय लिहिलंय. तिनं वाचून दाखवलं, "धार लावायचा दगड." तो अंदाज माझाच होता.

म्हातारा माझ्याकडे वळला. तिकडे कुणालाही 'तू'च म्हणतात. "बाय, तू लिवलास तो खोटा हाय," तो म्हणाला.

मग तो तिथंच खाली बसला. कमरेच्या पिशवीतून पोलादाचा तुकडा आणि सावरीचा कापूस काढला. दगडावर पोलाद घासलं, एकदा, दोनदा. तिसऱ्या खेपेला कापसानं ठिणगी धरली आणि धूर निघाला. काडेपेटी पाड्यावर यायच्या आधीची ती चकमक होती. वस्तू घेऊन निघालेली माणसं परतून दारात उभी राहिली. टोपलीवाल्या बाईनं आपणहून टोपली पुन्हा खाली ठेवली आणि ती ओढ्यात कशी लावतात ते सांगू लागली. दुपारच्या सुट्टीपर्यंत मी शिकवलं नाही, नुसती चिठ्ठ्या खोडून नव्या लिहीत होते.

बोलता बोलता म्हातारा म्हणाला की जव्हारचा राजवाडा बांधत होते तेव्हा तो आणि त्याची बायको तिथं कामाला होते. साल कोणतं ते त्याला ठाऊक नव्हतं. "लगीन झाला त्या सालात," एवढंच तो म्हणाला. मुलांनी सुतळीवर जागा शोधून तिथं 'राजवाडा' लिहिलेला कागद अडकवला.

मुलांना तो राजवाडा दाखवायचं मी ठरवलं. सहल दिवाळीआधीच न्यायला हवी होती, कारण नंतर अर्धा वर्ग आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायचा. गुरुजी तयार झाले. म्हाताराही निघाला, धुतलेलं धोतर नेसून. राजवाड्याच्या राखणदाराची आणि माझ्या वडिलांची ओळख होती, त्यामुळे आत जायला मिळालं. म्हातारा मात्र पायऱ्यांशी थांबला. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा पाऊस लागला, ते दोघं शेतीला परत गेले आणि पुन्हा कधी इकडे आले नाहीत, असं त्यानं सांगितलं. आत कसा आहे ते त्यानं पाहिलंच नव्हतं.

"मुलांना दाखवणार कोण?" मी म्हटलं. तेव्हा तो आला.

राखणदार दालनांची माहिती देऊ लागला. मध्येच एका मुलानं विचारलं, चुना कशात कालवला होता? म्हाताऱ्यानं सांगितलं, आणि पुढे तोच सांगत राहिला. खुर्च्या, तसबिरी यांच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं, तो कोपरे आणि सांधे बघत होता. मागच्या बाजूच्या भिंतीवर त्यानं तळवा टेकवला.

"मी दगड वाहायचू. ती चुना," तो म्हणाला. "तिनं हा पुरा झालेला नाय देखला."

नातीनं आजीचं नाव विचारलं. ती जन्मायच्या आधीच आजी गेली होती. त्यानं सांगितलं आणि तिनं वहीत लिहून घेतलं. बाकीच्या मुलांनीही ते लिहिलं. मी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर वर्गात सहाच मुलं उरली, ती मुलगीही गेली. थंडीत केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी पुस्तकातले प्रश्न विचारले, मुलांनी उत्तरं दिली. मग त्यांनी सुतळीबद्दल विचारलं तेव्हा मुलं थांबेनात. पुढच्या महिन्यात मला खोडाळ्याला शिक्षकांपुढे हे सांगायला बोलावलं. मी घाबरत घाबरत सांगितलं. शेवटी एका जुन्या शिक्षकांनी विचारलं, मुलं भट्टीवर गेली की काय करता? काहीच करत नाही, हे मी कबूल केलं.

होळीला ती मुलगी परत आली. बरेच धडे बुडाले होते. रोज शाळा सुटल्यावर आम्ही दोघी ओट्यावर बसायचो. ती पास झाली. इतिहासात मात्र तिला गणितापेक्षा कमी गुण पडले. निकालाला आजा आला. प्रगतिपुस्तक उलटसुलट करून बघत त्यानं विचारलं, पाचवीची शाळा कुठं आहे? मी जवळची आश्रमशाळा सांगितली. जूनमध्ये तो स्वतः तिला चालत सोडायला गेला.