मोहन्याला भेटलेली लंका

कऱ्हाडच्या शाळेत मी वीस वर्षं भूगोल शिकवतो. नकाशावर लंका दाखवायची म्हणजे तिच्यावर छडी टेकवायची, आणि टेकवली की लंका पुरती झाकून जाते. त्या एवढ्याशा बेटावर, कँडीजवळच्या डोंगरातल्या नव्या विद्यापीठात, आमच्या शरयूला वनस्पतिशास्त्रासाठी जागा मिळाली आणि घरातली झोप उडाली. शरयू ठाण्याला आक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, राहून इंटर झालेली. आता विद्यापीठाच्या कागदावर वडिलांची सही हवी होती. "सही करू नका, पोरीला घेऊनच या," असं बजावून सौभाग्यवतींनी दशम्या बांधून दिल्या. मी मान डोलावली. पण खरं सांगतो, गाडीत बसल्यापासून मलाच परदेशी निघाल्यासारखं वाटत होतं.

पुण्याहून घाट उतरून कल्याण आलं. तिथं गाडी बदलली आणि मुंब्र्याच्या डोंगराखाली एकदम खाडी समोर आली. आम्हां घाटावरच्या माणसांना पाणी म्हणजे कृष्णा-कोयना, एका दिशेनं वाहणारं. हे पाणी चक्क समुद्राकडून आत चाललं होतं. मी चकित होऊन समोरच्या गृहस्थांना विचारलं, "हे उलटं कसं वाहतं हो?"

"भरती आहे ती. सकाळी गेलेलं पाणी परत येतंय," ते म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. भरती-ओहोटी मी दर वर्षी फळ्यावर खडूनं काढतो. माझा धंदा काय, हे त्यांनी विचारलं नाही, हे माझं नशीब.

नौपाड्यात आक्काचं कौलारू घर स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर. शरयू दारातच उभी होती. मी वहाणा काढतोय तोच ती म्हणाली, "बाबा, मी तिकडे जाते, माझं ठरलंय. सही तेवढी द्या."

"जाते काय गं? येते म्हण," आतून आक्का कडाडली.

आमच्या घरात दळण आणायला निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणूनच उंबरा ओलांडतो. शरयू जीभ चावून हसली. मला मात्र ते लागलं. पोर अजून निघाली नाही आणि तिच्या तोंडात 'जाते' बसलंसुद्धा, या विचारानं आक्काच्या हातचं वालाचं बिरडंही मला नीट गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच मिठागरांकडे फिरायला गेलो. चौकोनी वाफ्यांत पाणी आणि बांधावर मिठाचे पांढरेशुभ्र ढीग. कुणीतरी पेरून काढावं तसं मीठ! मी खुळ्यासारखा चिमूट उचलून जिभेवर ठेवली. मीठ ओढणारी एक बाई हसून म्हणाली, "खारटच लागल. कंचे गावचे तुमी?" मी गाव सांगितलं आणि ओघात मुलीचंही सांगितलं, परक्या माणसाशी बोलणं सोपं जातं म्हणून.

"माजी पोर खारीचे पल्यार दिलीय," ती म्हणाली (खारी म्हणजे खाडी, पल्यार म्हणजे पलीकडे). "शिमग्याला येते ना. पानी मधी आरवं आलं म्हनून पोर परकी होते क?"

मी नुसतं मीठ चघळत परतलो.

रविवारी शरयूनं मला मोहन्याला नेलं. तिथल्या कारखान्यात लंकेचे एक केमिस्ट होते आणि शेजाऱ्यांच्या ओळखीनं तिनं त्यांचं घर हुडकलं होतं. कल्याणहून टांगा केला. वाटभर ती नारळ, दालचिनी, विद्यापीठाजवळची अफाट बाग, असं सांगत होती. तिच्या उत्साहाची लागण मला होऊ लागली होती, आणि ती होऊ नये म्हणून मी घोड्याकडे बघत होतो.

केमिस्टांची बायको सोमा शेजारणींकडून मराठी शिकलेली. कमरेशी झालर असलेली साडी नेसून ती लगबगीनं पुढे आली. "काका, बसा, बसा." तिनं पांढऱ्या, शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या आणि शेजारी लालभडक मुरंबा ठेवला. मी वडी मुरंब्यात चांगली बुडवून तोंडात टाकली. वडी निघाली नारळाच्या दुधातल्या अळणी भाताची (किरिबत) आणि मुरंबा निघाला मिरचीचा ठेचा. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. सोमा घाबरून पाणी आणायला धावली आणि शरयू हसून हसून लोळायची तेवढी राहिली.

पाणी पिऊन मी विचारलं, "तिकडे पोर आजारी पडली तर?"

"माझी आई कँडीत आहे," सोमा म्हणाली. "दर रविवारी शरयू तिथं जेवेल. तिखट कमी घालायला सांगते."

तेवढ्यात दुपारच्या पाळीसाठी तिचे यजमान निघाले. उंबऱ्यापाशी वळून ते बायकोला म्हणाले, "गिहिन् एन्नम्."

"काय म्हणाले ते?"

सोमानं शब्द शोधले. "जाऊन... जाऊन येतो."

"नुसतं 'जातो' नाही म्हणत तुमच्याकडे?"

तिनं कानाला हात लावला. "निघताना? नको काका. अशुभ. आई रागावते."

मी शरयूकडे पाहिलं. तिनं जीभ चावली. मला मोठा आनंद झाला. नकाशावर जे वीस वर्षं छडीखाली झाकलं होतं, तिथंही एक आक्का उंबऱ्याशी उभी होती. मी टाक मागितला आणि तिथंच सही केली. कागदावर अंगठ्याचा नारळाच्या दुधाचा डाग उमटला, तो तसाच राहू दिला.

परतीला कल्याणला पुण्याची गाडी सुटली तेव्हा मात्र मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "बरं, जातो गं."

शरयू खिडकीबरोबर धावू लागली. "बाबा, काय म्हणालात?"

"गिहिन् एन्नम्," मी ओरडलो. डब्यातले सगळे माझ्याकडे बघू लागले.

कऱ्हाडला दार उघडून सौभाग्यवतींनी माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"शरयू कुठाय?"

"येते म्हणालीय," मी सांगितलं. कुठून, ते हातपाय धुऊन झाल्यावर सांगितलं.