आईनं निवडलेला मदरबोर्ड

आमच्या आईचा हात कापडाच्या बाबतीत भलताच सढळ. आसपासच्या पोरांचे कपडे शिवायची आणि प्रत्येक शिवणीत बोटभर जास्तीचं कापड आत दुमडून ठेवायची. पोरगं वाढलं की शिवण उसवायची, आतलं कापड सोडायचं, आणि तोच शर्ट आणखी वर्षभर चालायचा. गिऱ्हाईक खूश, पण धंद्याचे बारा वाजलेले! मी म्हणायचे, "अगं, असं केलंस तर नवे कपडे शिवायला कोण टाकणार?" तोंडात टाचण्या धरून ती नुसतं "हं" करायची.

अशा बाईला माझा दादा मदरबोर्ड निवडायला दुकानात घेऊन गेला. आता बोला!

पण त्याचाही नाइलाज होता. बाबा गेल्यापासून घरातलं लहानमोठं सगळं आईच ठरवायची. दादा कॉलेज सुटलं की कोपऱ्यावरच्या गेमच्या दुकानात जाऊन बसायचा, जेवायच्या वेळेला उगवायचा आणि खाली मान घालून जेवून उठायचा. घरात काय चाललंय याचा त्याला पत्ता नसे. आई हातानं मशीन चालवायची, पण कान दाराकडे. शेवटी एक दिवस तिनंच विचारलं, "काय रे, तो खेळ घरी नाही का खेळता येत?" दादाला ठसकाच लागला. तयार कॉम्प्युटर नको, सुटे भाग आणून मी जोडतो, म्हणाला. आईला त्यातलं एवढंच कळलं की पोरगा आता संध्याकाळी घरात असणार. तिला दुसरं काही नकोच होतं.

दुकानदारानं काउंटरवर दोन मदरबोर्ड ठेवले. एक छोटासा, दुसरा चांगला लांबरुंद. दादानं लगेच छोटा उचलला. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्या पाटावर सगळे भाग बसवायचे तो साधा घ्यायचा, आणि उरलेले पैसे ग्राफिक कार्डात घालायचे, म्हणजे गेममधल्या गाड्या सुसाट धावतील. खरं सांगायचं तर त्याचं बरोबरच होतं.

आईनं मोठ्या बोर्डावरच्या रिकाम्या खाचांवरून बोट फिरवलं. "ह्या कशाला ठेवल्यात?"

"पुढेमागे काही जोडायचं झालं तर असाव्यात, ताई," दुकानदार म्हणाला.

"मग हाच द्या."

"अगं आई, मला काही जोडायचं नाहीये!"

"आज नाहीये."

"पण मग कार्ड हलकं घ्यावं लागेल. गेम अडकत अडकत चालेल!"

"चालेल ना पण? मग झालं तर."

दुकानदार मिशीत हसला. दादाचं तोंड एवढंसं झालं. घरी येईपर्यंत तो माझ्याशीही बोलला नाही, आणि मी तर बिचारी नुसती पिशवी धरायला गेले होते.

खरी गंमत पुढेच. मामानं त्याच्या जुन्या कॉम्प्युटरचा रिकामा डबा आम्हाला दिला होता. "मी टेप लावून माप घेतलंय, आरामात बसेल," आई छातीठोकपणे सांगत होती. दादा बोर्ड बसवायला गेला, तर तो आत जाईचना. बाईसाहेबांनी माप घेतलं होतं बाहेरून, माणसाच्या छातीचं घेतात तसं! आतली पत्र्याची दुमड, पंख्याची जागा, याचा विचार कोण करणार?

"आई, तो डबा आहे, गिऱ्हाईक नाही!" दादा तणतणला.

"ओरडू नकोस. टेबलावर मांड."

मग आईच्या कापड कापायच्या टेबलाच्या एका टोकाला, लाकडी फळीवर, आमच्या कॉम्प्युटरचा उघडा संसार मांडला गेला. पंख्यात दोरे जाऊ नयेत म्हणून आईनं अस्तराच्या कापडाची खोळ शिवली. तो डोलारा उचलून दुसरीकडे नेणं शक्यच नव्हतं, त्यामुळे दादा रोज संध्याकाळी आईसमोर. ती कापतेय, तो खेळतोय, आणि मधे बसून मी अभ्यासाचं नाटक करतेय. काय दिवस होते ते! त्या टेबलावर आम्ही जितकं भांडलो आणि हसलो, तितकं पुन्हा कधी जमलं नाही.

गेम अडकायचा तो नेमका पहिल्या वळणावर. गाडी क्षणभर जागच्या जागी थिजायची. दादा ओरडायचा, "बघ! बघ तुझ्या मोठ्या बोर्डाचा प्रताप!"

आई कात्री थांबवून पडद्याकडे बघायची. "बरंय की. त्या निमित्तानं वळणावर तरी जरा थांबतोस."

पुढे दादाला लांबच्या गावी नोकरी लागली. कॉम्प्युटर त्यानं नेला नाही, हे भंगार कोण नेणार, म्हणाला. आई रोज खोळ झटकायची आणि पुन्हा घालायची. संध्याकाळी तिचे कान परत दाराकडे जायला लागले. मला ते बघवायचं नाही.

एकदा काजं करता करता तिनं विचारलं, "अगं, त्या खाचा अजून रिकाम्याच आहेत ना? त्यात काही घालून इथून त्याच्याशी खेळता येईल का?"

मी दादाला फोन लावला. तो आधी खो-खो हसला, मग त्यानं कुठलं इंटरनेटचं कार्ड आणायचं ते सांगितलं. ते त्या मोठ्या बोर्डाच्या एका खाचेत झक्क बसलं.

आईला गाडी चालवणं शेवटपर्यंत जमलं नाही. ती कशीबशी पहिल्या वळणापर्यंत जायची, गाडी कडेला लावायची आणि वाट बघत बसायची. फेरी मारून दादाची गाडी आली की हॉर्न वाजवायची. पुढच्या फेरीला पुन्हा हॉर्न.

"अगं आई, शर्यत आहे ही! उभी काय राहतेस?" दादा फोनवरून ओरडायचा.

"तू जा रे. मी बघतेय ना इथून."

गेल्या वर्षी आई गेली. टेबल आवरायला दादा आला, तेव्हा त्यानं खोळ काढली आणि बटण दाबलं. बोर्ड सुरू झाला. मला वाटलं होतं, तो आता भंगारवाल्याला फोन करेल. त्यानं खुर्ची ओढली आणि गेम लावला.

पहिल्या वळणावर गाडी नेहमीसारखी थिजली. मग पडद्यावरचं चित्र हललं, मागच्या गाड्या भराभर पुढे निघून गेल्या, पण दादाची गाडी काही हलेना. त्यानं ती कडेला घेतली होती, आई लावायची अगदी तिथे. मग त्यानं हॉर्न वाजवला.

मला रडू आवरेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "दादा, शर्यत आहे ही."

"असू दे गं," तो म्हणाला. "बस तूही. थोडा वेळ थांबू इथे."